मागच्याने उत्तर द्यावे

निघायच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही सॅक तीन वेळा रिकाम्या केल्या आणि तीन वेळा भरल्या. प्रत्येक वस्तू यादीत होती, यादीतली प्रत्येक वस्तू जमिनीवर मांडलेली होती, आणि सगळं मोजून झाल्याशिवाय आत काही जाणार नव्हतं. तो दाराच्या चौकटीला टेकून बघत उभा होता.

"सिस्टर, पेशंट शिवायला घ्यायचा का आता?"

"मोज्यांचे जोड पाचच आहेत. सहा हवेत."

त्याने पाय वर करून दाखवला. सहावा जोड पायात होता. तिला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचं तिला जरा नवलही वाटलं, कारण त्या घरात हसणं हल्ली दुर्मीळ झालं होतं.

ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती, बावीस वर्षं. पोट शिवायच्या आधी आत काही राहिलं नाही ना, याची खात्री करणं हे तिचं काम. ती टेबलाशी उभी राहून कापडाचे तुकडे, सुया, चिमटे मोठ्याने मोजायची, आणि तिच्या मागे उभी असलेली दुसरी नर्स तेच आकडे पुन्हा म्हणायची. हात निर्जंतुक केलेले असल्यामुळे टेबलाकडे पाठ करायची नसते. मागे वळून बघायचं नसतं. मागून आलेल्या आवाजावर भरवसा ठेवायचा आणि आकडे जुळले की "मोजणी बरोबर" म्हणायचं, मगच डॉक्टर टाका घालतात. बावीस वर्षांत तिने एकदाही न मोजता ते दोन शब्द उच्चारले नव्हते. याचा तिला गर्व होता आणि तो रास्त होता.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती त्याला मिस्त्री म्हणायची, तो तिला सिस्टर. लग्नाआधीपासूनची चेष्टा, ती तेवढी टिकून होती. त्याचंही काम आवाजावरच चालायचं. वर एक माणूस, खाली खड्ड्यात एक माणूस, मध्ये दहा मजल्यांचा अंधार. वरून उत्तर आल्याशिवाय खालच्याने दोराला हात लावायचा नाही. त्या खडखडाटात त्याचा डावा कान कधीच कामातून गेला होता. एका गोष्टीबाबत मात्र तो फार कडक होता. न विचारता उत्तर देणारा मदतनीस तो दुसऱ्या दिवशी कामावर ठेवायचा नाही. "हाक मारायच्या आधी ओ देणारा माणूस एक दिवस कोणाचा तरी जीव घेतो," असं तो म्हणायचा.

आता इतकी नीट माणसं, त्यांचं लग्न कशाने बिघडावं? मोठं काही झालंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तो बोलायचा, ती कपड्यांच्या घड्या घालत "हं" म्हणायची. तो पुढे बोलायचा, ती ड्युटीचं वेळापत्रक लावत "हं" म्हणायची. "तू उत्तर देतेस, पण तू तिथे नसतेस," असं त्याने दोनतीनदा सांगून पाहिलं, आणि त्यालाही तिने बहुधा "हं"च म्हटलं असावं. शेवटी ठरलं की अठरा दिवसांची ती डोंगरातली वाट दोघांनी मिळून चालायची, आणि शेवटच्या चौकीवर पोचलं की पुढे एकत्र राहायचं की नाही ते ठरवायचं. तिला तो हवा होता. ही गोष्ट तिने त्याला कितीतरी दिवसांत सांगितली नव्हती, कारण सांगायची वेळ आली की हातात काहीतरी काम असायचं.

वाटेच्या सुरुवातीला लाकडी चौकी होती. आतल्या माणसाने त्यांचे परवाने बघितले आणि नियमांचा कागद खिडकीतून बाहेर ढकलला. नमस्काराला त्याने उत्तर दिलं नाही. कागदावर अकरा नियम होते. चौथा असा: सावकाश चालणाऱ्याने पुढे राहावे. पुढच्याने वाटेतली अडचण आवाज देऊन सांगावी, मागच्याने उत्तर द्यावे. पाचवा असा: वाटेवरच्या प्रत्येक खुंटाला प्रत्येकाने स्वतः हात लावावा, एकाने दुसऱ्याच्या वतीने लावू नये. त्याखाली कुणीतरी पेनने आणखी एक ओळ लिहिली होती. आवाज मोजू नका, माणसं मोजा.

"हे कशासाठी?" तिने विचारलं.

"वाचता येतं ना?" तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

पहिले दिवस बरे गेले. ती सावकाश चालणारी, म्हणून ती पुढे. "दगड," ती म्हणायची. "हं," मागून यायचं. "निसरडं." "हं." "फांदी." "हं." खुंट म्हणजे कमरेइतका उंच लाकडी खांब, वरून लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. तिथे थांबायचं, तिने हात लावायचा, मग त्याने. मुक्कामाला दगडी निवारे होते. प्रत्येक निवाऱ्यात एक राखणदार असायचा, आणि त्यांच्यापैकी एकही धड बोलायचा नाही. यायला उशीर झाला तर कपाळाला आठ्या, लवकर आलं तर दार बंद. वाटही तशीच. पाण्याची जागा नकाशात दाखवलेली, आणि तिथे गेलं तर कोरडे दगड. काटेरी झुडपं अशी की बाही सोडायलाच तयार नाहीत. डोंगर सुंदर होते यात शंका नाही, पण आपण इथे आलेलो कुणालाच आवडलेलं नाही, असं तिला रोज सकाळी बूट बांधताना वाटायचं.

तेराव्या दिवशीच्या निवाऱ्यात दोन म्हातारे भाऊ भेटले. थोरला निवृत्त शिक्षक, धाकटा घड्याळं दुरुस्त करणारा. तो अख्खा दिवस ते या दोघांच्या मागे शंभरएक पावलांवर चालत होते. धाकटा गप्पिष्ट होता. त्याने फोटो काढला, तो पाठवायला तिचा नंबर घेतला, आणि मग मिस्त्री बाहेर पाणी भरायला गेलेला बघून हळूच म्हणाला, "तुमचे यजमान फार हं हं करतात हो."

"आमची पद्धत आहे ती. मी वाटेतलं सांगते, ते उत्तर देतात."

"ते कळलं. पण तुम्ही गप्प असता तेव्हाही चालूच असतं त्यांचं."

थोरल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की धाकट्याने लगेच चमचा उचलला. जेवण होईपर्यंत दोघांनी पुन्हा मान वर केली नाही, आणि झोपायची अंथरुणंही त्यांनी पलीकडच्या भिंतीला नेली.

त्याच संध्याकाळी मिस्त्रीने सांगितलं. लिफ्टच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती, दुसऱ्या शहरात. त्याने होकार कळवला होता.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. तू इस्त्री करत होतीस. मी विचारलं, जाऊ का? तू हं म्हणालीस."

तिला आठवेना. इस्त्री आठवत होती, निळा शर्ट आठवत होता, कॉलरवरचा डागही आठवत होता. प्रश्न आठवत नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस करतो तेच तिने केलं, त्याच्यावर चिडली. दोघं बरंच बोलले, टोचून बोलले, आणि राखणदार बाईने पडद्यामागून "इथे भांडायचं असेल तर बाहेर जा" म्हटल्यावर गप्प झाले.

सकाळी धुकं होतं. हात लांब केला तर बोटं दिसत होती, त्यापलीकडे नाही. दोघं न बोलता निघाले. आता फक्त वाटेपुरतं बोलणं उरलं होतं.

"दगड."

"हं."

"ओल आहे."

"हं."

रागाच्या भरात ती भरभर चालली. साधारण तासाभराने तिच्या एक गोष्ट लक्षात आली. "हं" जरा लवकर येत होतं. तिचा शब्द पुरता संपायच्या आधी. थिएटरमध्ये एकदा अशी एक नवी मुलगी आली होती, हिने आकडा म्हणायच्या आधीच ती तो म्हणून मोकळी व्हायची. त्या मुलीला हिने त्याच दिवशी बाहेर काढलं होतं. पण हा तर नवरा, आणि चिडलेला. उरकतोय, असं तिने मनाशी म्हटलं.

"फां—"

"हं."

खुंट आला. तिने हात लावला आणि थांबली. तो आला नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग धुक्यातून बुटांचा आवाज, मग लाल रेनकोट, आणि धापा टाकत तो.

"एवढा मागे कसा राहिलास?"

"नाडी तुटली. थांब म्हणून ओरडलो. तू ऐकशील तर ना."

"आत्ता तर उत्तर दिलंस मला. फांदीला."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग कडवट हसला. "सिस्टर, मी सकाळपासून एकदाही उत्तर दिलेलं नाही. मुद्दामच. म्हटलं बघू या, हिला कळतं का. तीन तास झाले. तुला कळलंसुद्धा नाही."

"खोटं बोलू नकोस. प्रत्येक वेळी तू हं म्हणालास."

"एकदाही नाही."

तिला संताप आला. तिला वाटलं, हा आता मला वेडी ठरवतोय. आणि त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की त्यालाही अगदी तेच वाटतंय. ती आणखी काही बोलणार होती, पण धाकट्या भावाचं जेवतानाचं वाक्य तिला आठवलं. तिने ते त्याला सांगितलं. त्याने मागे धुक्यात पाहिलं. शेवटी तो मिस्त्री होता, बिघाड कुठे आहे ते बघितल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

"तू वीस पावलं पुढे जा," तो म्हणाला. "तिथून आवाज दे. मी तोंड उघडणार नाही."

तिने पावलं मोजली. विसाव्या पावलावर पाठमोरी थांबून म्हणाली, "दगड."

"हं."

ती धावतच परत आली. तो खुंटाला धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग साफ गेला होता.

"तू बोललास?"

"नाही. मला वाटलं तू बोललीस."

"मला तुझ्याकडून ऐकू आलं."

"मला तुझ्याकडून," तो म्हणाला.

धुकं दोघांच्या मधूनही जात होतं. मागे फिरावं तर शेवटची मोटारवाट दोन दिवसांवर होती, पुढचा निवारा तीन तासांवर. पुढे जाणं शहाणपणाचं होतं. पण मध्ये कडा होता. कड्याच्या पोटातून वीतभर रुंद वाट, धरायला खडकात ठोकलेली साखळी, आणि नियमांच्या कागदावर नववा नियम: साखळीच्या एका टप्प्यावर एकच माणूस. हात धरून जायची सोय नव्हती.

तोडगा तिने काढला. तिच्याच धंद्यातला होता. "तू आता हं म्हणायचंच नाही. मी आवाज दिला की आकडा म्हणायचा. एक, दोन, तीन, ओळीने. आकडा चुकला की मला कळेल."

"आणि कुणी हं म्हटलं तर?"

"तर तो तू नाहीस."

तो हसला. खरं हसला. कित्येक महिन्यांनी.

"दगड."

"एक."

"मूळ आहे."

"दोन."

पुढचे दोन तास त्या प्रवासातले सगळ्यांत चांगले होते, हे सांगायला हवं. मागून आकडा यायचा आणि त्यात तो असायचा. कधी दम लागलेला, कधी वैतागलेला. सदतिसाव्याला त्याला शिंक आली आणि आकडा अर्धाच राहिला, तो त्याने पुन्हा नीट म्हटला. पन्नासला म्हणाला, "पन्नास, अर्धशतक, टाळ्या." ती प्रत्येक आकडा ऐकत होती. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि त्याचा आवाज इतका कान देऊन तिने पहिल्या वर्षानंतर ऐकलाच नव्हता. साठनंतर केव्हातरी तिने ठरवून टाकलं. त्याच्याबरोबर त्या शहरात जायचं. थिएटरं सगळीकडे असतात.

साखळी लागली तेव्हा एकशे चार झालं होतं. खडकाकडे तोंड करून, दोन्ही हात साखळीवर ठेवून ती आडवी सरकू लागली. सॅकमुळे मान वळेना. साखळी गार आणि ओली होती. पायाखाली काय आहे ते धुक्याने झाकलं होतं ते एका अर्थी बरंच होतं. ती पुढच्या टप्प्यावर, तो मागच्या.

"खाच आहे."

"एकशे दहा."

"साखळी सैल आहे इथे."

"एकशे अकरा."

"पाय उंच टाक."

"एकशे बारा."

ती थांबली. शेवटच्या चौकीपर्यंत कशाला थांबायचं, असं तिला वाटलं. इथे हातात दुसरं काही काम नव्हतं. गालाला ओला खडक लागत होता.

"मिस्त्री, ऐक. मी येते तुझ्याबरोबर. तिकडे. मला तू हवा आहेस. मी हे फार आधी सांगायला हवं होतं."

मागे साखळीचा बारीक खडखड आवाज.

"हं."

अगदी जवळून. तिच्या कानाच्या मागून.

तिने कशीबशी मान वळवली. हातभर अंतरावर लाल रेनकोट होता. तो तिच्याच टप्प्यावर होता, साखळीला न धरता उभा होता, आणि तिच्याकडे बघत होता.

"आकडा?" ती म्हणाली.

"आता कशाला आकडा?" तो म्हणाला. "मी आलो ना जवळ."

आणि त्याच वेळी मागून, धुक्यातून, बऱ्याच लांबून, पण नीट ऐकू येईल असं कोणीतरी म्हणालं, "एकशे तेरा."

समोरच्याचं तोंड मिटलेलं होतं.

"कड्यात आवाज घुमतो," तो म्हणाला. "चल. मी ऐकलं तू काय म्हणालीस ते. नको जायला तिकडे. आपण आपल्याच घरी राहू."

इथे तिने थांबायला हवं होतं. मागे सरकत जायला हवं होतं, एक टप्पा, दोन टप्पे, लागतील तितके. पण त्याने ते वाक्य म्हटलं होतं, ज्यासाठी ती चौदा दिवस चालली होती. हात बधिर झाले होते. तोच चेहरा होता, तोच रेनकोट, तीच तुटलेली आणि गाठ मारलेली नाडी. पुन्हा आकडा येतो का, म्हणून ती थोडा वेळ कान देऊन थांबली. आला नाही. तिने आवाज दिला असता, तर आला असता. तिने दिला नाही.

कडा संपला तिथे खुंट होता. तिने हात लावला. तो थांबलाच नाही, सरळ पुढे गेला. "अरे, हात," ती म्हणाली. तो चालत राहिला. तिने इकडे तिकडे पाहिलं, आणि खुंटाला दुसऱ्यांदा हात लावला. त्याच्या वतीने.

त्यानंतरचे चार दिवस ऊन होतं. तो पुढे चालत होता आणि वाट सोपी होती, म्हणून आवाज द्यायची वेळ आली नाही. प्रत्येक खुंटाला तिने दोनदा हात लावला. एकदा त्याच्या डाव्या बाजूला चालताना ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, पाणी संपत आल्याचं, आणि तो लगेच "हं" म्हणाला. डाव्या कानाने. तिने ऊन किती छान पडलंय याकडे लक्ष दिलं.

शेवटच्या चौकीवरच्या माणसाने वहीत बोट ठेवून विचारलं, "साखळीनंतरच्या सगळ्या खुंटांना दोघांनी स्वतः हात लावला?"

बावीस वर्षांत ती कधी न मोजता बोलली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "बरोबर."

तो माणूस तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मागे बघत होता. त्याने वहीत काही लिहिलं नाही. ती मिटली आणि म्हणाला, "मग आता तुमचं तुम्ही बघा."

घरी सगळं सुरळीत लागलं. त्याने कारखान्याला नकार कळवला. संध्याकाळी वेळेवर यायचा. तिने काही सांगितलं की ऐकायचा आणि मान्य करायचा. स्वतःहून तो काही बोलत नसे, तक्रार तर नाहीच. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंत हो. ती त्याच्या चेष्टेची वाट बघायची. सिस्टर अशी हाक त्याने पुन्हा कधी मारली नाही.

दोन महिने गेले. एका रविवारी दुपारी फोन वाजला. घड्याळवाले धाकटे भाऊ होते. गप्पिष्ट माणूस, पण आज त्यांना सुरुवातच सापडत नव्हती.

"आम्ही पुन्हा त्या वाटेवर आलोय. आता पुढच्या मुक्कामावरून बोलतोय, इथे रेंज आहे. तुमचे यजमान... आहेत ना घरी?"

"आहेत. का?"

"नाही, काही नाही. काल सकाळी आम्ही साखळीवर होतो. धुकं होतं. तिथे कुणीतरी बोललं. एकदाच. मला तुमच्या यजमानांचा आवाज वाटला. थोरला म्हणाला, फोन करू नकोस. पण मला राहवेना."

"काय बोललं?"

"आकडा होता, वहिनी. एकशे सोळा."

"कोण होतं तिथे?" तिने विचारलं.

"आम्ही कोण आहे म्हणून विचारलं, तर उत्तर नाही. साडेनऊ वाजले होते. घड्याळ बघायची सवय, म्हणून सांगतो."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने मोजलं. मोजणं तिला येत होतं. प्रवासातून घरी आली त्या दिवशी जिन्यावर, डोक्यात वाटच होती म्हणून, सवयीने तोंडातून गेलं होतं, "पायरी." एकशे चौदा. पुढच्या आठवड्यात मोरीपाशी साबण सांडला तेव्हा, "निसरडं." एकशे पंधरा. आणि काल सकाळी हातातून पेला पडला, सगळीकडे तुकडे झाले, ती ओरडली होती, "काच!" तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजले होते. ड्युटीला निघायची वेळ म्हणून तिने पाहिलं होतं.

तिन्ही वेळा घरातून उत्तर आलं होतं. हं.

तिने पुन्हा एकदा मोजलं. एकही आकडा चुकलेला नव्हता. त्याने एकही चुकवला नव्हता.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली. बाहेर लख्ख दुपार होती, समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. एक शब्द म्हणायचा होता. कुठलाही चालला असता. निदान तिकडे त्याला कळलं असतं, की ती ऐकते आहे.

तिने श्वास घेतला. ओठ उघडले.

"हं," मागून आलं.